रिकाम्या क्रेटपासून ई-कचऱ्यापर्यंत: परतीच्या मालाची पार्श्वभूमी

तुर्भ्याच्या भाजी बाजारातून पहाटे ठाण्याकडे गेलेला टेम्पो परततो तेव्हा त्यात रिकाम्या क्रेटची चळत असते. क्रेट आले नाहीत तर हिशेबात पैसे कापले जातात, म्हणून ते येतात. वापरलेला माल परत आणण्याच्या या व्यवस्थेला आज रिव्हर्स लॉजिस्टिक्स म्हणतात, पण ते आपल्याकडे असं जुनंच आहे. आरेचं दूध काचेच्या बाटलीत मिळायचं तेव्हा रिकामी बाटली घेऊनच केंद्रावर जावं लागे. रद्दी, सोड्याच्या बाटल्या, भंगार, सगळ्याला भाव होता.

प्लास्टिकच्या पिशवीला तो नव्हता. ती नाल्यात गेली, तिथून ठाण्याच्या खाडीत.

वापरलेला माल परत घेण्याच्या सक्तीची सुरुवात सरकारने बॅटऱ्यांपासून केली. २००१च्या नियमांनी शिशाच्या जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यांवर टाकली. शिशाला मोल असल्याने ते बरंचसं जमलंही. आजही गाडीची बॅटरी बदलताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो. मात्र त्यातलं कितीतरी शिसं विनापरवाना भट्ट्यांत वितळतं.

ई-कचऱ्याचे नियम २०११ साली जाहीर झाले, १ मे २०१२पासून लागू झाले. उत्पादकांनी किती गोळा करायचं, हा आकडा मात्र २०१६च्या नियमांनी आला. मधली वर्षं वाया गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१८च्या प्लास्टिकबंदीत महाराष्ट्राने दुधाची रिकामी पिशवी ५० पैशांना परत घेण्याची तरतूद केली. ऐरोलीत मला ते ५० पैसे कधीच मिळाले नाहीत. दुकानदाराला तरी काय बोलणार? वास मारणाऱ्या पिशव्या त्याने ठेवायच्या कुठे, पुढे न्यायच्या कोणी आणि टेम्पोचं भाडं कोण देणार, हे ठरलंच नव्हतं.

१ एप्रिल २०२३पासूनच्या ई-कचरा नियमांत वस्तूंची यादी २१वरून १०६वर गेली. उत्पादकांसाठी पुनर्प्रक्रियेचं (रिसायकलिंगचं) उद्दिष्ट ६० टक्क्यांपासून सुरू होऊन २०२७-२८मध्ये ८० टक्के होईल. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राने उद्योगांना अत्यावश्यक खनिजं (क्रिटिकल मिनरल्स) भंगारातून काढण्यासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. हा पैसा प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना आहे. घरापासून कारखान्यापर्यंतची वाट अजून हातगाडीवाल्याच्या जिवावर चालते. आमच्या इमारतीखाली तो जुना मॉनिटर वजनावर घेतो, वायरी सोलून तांबं काढतो. काच तिथेच टाकून जातो, कारण काचेचे त्याला कोणी पैसे देत नाही.