डीओ आणि बीओडी: नदीच्या अहवालातले दोन ऑक्सिजन

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नदीगटाच्या व्हॉट्सॲपवर एकाने पाणी तपासणीच्या अहवालाचा फोटो टाकला. अर्धवट कापलेला फोटो. दिसत होता एकच रकाना, त्याचं नाव बीओडी आणि खाली आकडा १८. पाच मिनिटांत टाळ्यांचे हात यायला लागले. एका काकांनी लिहिलं, 'वा, ऑक्सिजन बराच सुधारला की!'

काकांना दोष देण्यात अर्थ नाही. बीओडीला सरकारी मराठीत 'जैवरासायनिक प्राणवायू मागणी' म्हणतात. बोलताना त्यातली 'मागणी' गळून पडते आणि नुसता प्राणवायू उरतो. मग अठरा म्हणजे चांगलंच, असं कुणालाही वाटेल. खरं तर तो आकडा बघून नाकाला रुमाल लावायला हवा होता.

डीओ म्हणजे पाण्यात या घडीला विरघळलेला ऑक्सिजन. मासा कल्ल्यांतून घेतो तो हाच. बीओडी म्हणजे पाण्यातली कुजणारी घाण, मग तो मैला असो, कारखान्याची मळी असो की मंडईचा सडका भाजीपाला, ती खाऊन संपवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल त्याचा हिशेब. दोन्ही आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्येच लिहितात, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवले की जुळे भाऊ वाटतात. पण डीओ जास्त हवा आणि बीओडी कमी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत नदीत आंघोळ करायची तर डीओ किमान ५ आणि बीओडी जास्तीत जास्त ३ असावा लागतो.

सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. गच्चीवर चढून झाकण उघडलं की दिसते ती पातळी म्हणजे डीओ. सगळ्या बिऱ्हाडांना मिळून लागणारं पाणी म्हणजे बीओडी. या दोघांशिवाय तिसरी गोष्ट असते, ती अहवालात कुठेच नसते: महापालिकेचा नळ किती जोरात येतोय. नदीच्या बाबतीत हा नळ म्हणजे हवा. वाहतं पाणी दगडांवर आपटलं, धबधब्यासारखं पडलं की हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळत राहतो. नळ जोरात असेल तर मागणी बेसुमार असूनही टाकी भरलेली दिसते. नळ बंद पडला की तासाभरात ठणठणाट. नुसती पातळी बघून सोसायटीचं बरं चाललंय असं म्हणणारा सेक्रेटरी आणि नुसता डीओ बघून नदी बरी आहे म्हणणारा माणूस, दोघांची गत सारखीच.

टाकीला माप असतं, तसं पाण्यालाही आहे. समुद्रसपाटीला २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, आणि पुण्यासारख्या उंचीवरच्या गावात आणखी थोडा कमी. म्हणजे एप्रिल-मेमध्ये नदीची टाकीच लहान झालेली असते. 'नदीत ऑक्सिजन १८' असं कुणी म्हणालं, तर बहुतेक वेळा त्याने बीओडीचा रकाना वाचलेला असतो. बीओडीला मात्र वरची मर्यादाच नाही. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३००, तर डिस्टिलरीच्या मळीचा चाळीस-पन्नास हजार. ही मळी नदीत सुटली की दुसऱ्या दिवशी पेपरात मेलेल्या माशांचा फोटो का येतो, ते या आकड्यांवरून कळावं.

आता गोंधळाचं खरं मूळ. बीओडी वेगळ्या कुठल्या यंत्राने मोजत नाहीत. तो डीओ मोजूनच काढतात.

डीओ मोजायची जुनी रीत विंकलरने १८८८ मध्ये शोधली आणि आजही ती चालते. काचेच्या घट्ट बुचाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरायचं, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड पिपेटने खालपर्यंत सोडायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, चहाच्या गाळासारखा. ऑक्सिजन नसेलच तर साका पांढरा राहतो. नाल्याच्या तोंडाशी घेतलेल्या बाटलीत तो पांढरा ढग मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा अहवालातला 'निरंक' हा शब्द मला डोळ्यांनी कळला. पुढे सल्फ्युरिक ॲसिड घातलं की साका विरघळून द्रव पिवळसर होतो, आणि मग कॉलेजातलं टायट्रेशन. ब्युरेटमधून हायपो (सोडियम थायोसल्फेटचं द्रावण) थेंब थेंब सोडायचा, स्टार्चमुळे आलेला निळा रंग ज्या थेंबाला जातो तिथे हात आवरायचा. मापं नेहमीची घेतली असतील तर जितके मिलिलिटर हायपो लागला तितका डीओ. इतका सोयीचा हिशेब रसायनशास्त्रात क्वचितच मिळतो.

बीओडीसाठी एकाच पाण्याच्या दोन बाटल्या भरायच्या. एकीचा डीओ लगेच काढायचा. दुसरी अंधारात, २७ अंशांवर तीन दिवस ठेवायची आणि मग तिचा डीओ काढायचा. मधल्या काळात जिवाणूंनी जो ऑक्सिजन खाल्ला तो बीओडी. अंधार एवढ्यासाठी, की उजेडात शेवाळ स्वतःच ऑक्सिजन सोडत बसेल आणि हिशेब बिघडवेल. पाणी फार घाण असेल तर बाटलीतला सात-आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन तीन दिवस पुरतच नाही, म्हणून आधी स्वच्छ, हवा भरलेलं पाणी घालून ते पातळ करतात आणि उत्तराला तेवढ्या पटीने गुणतात. म्हणून तर आठ मिलिग्रॅमच्या टाकीतून तीनशेची मागणी मोजता येते.

तीन दिवस आणि २७ अंश ही आपल्याकडची पद्धत. बाहेरच्या पुस्तकांत पाच दिवस आणि २० अंश दिसतील. पाच दिवसांची प्रथा ब्रिटनमधल्या सांडपाण्याच्या शाही आयोगाने १९१२ च्या सुमारास पाडली. तिथल्या नद्यांचं पाणी समुद्राला मिळायला पाच दिवसांहून जास्त लागत नाहीत, असं त्यामागचं गणित होतं. आपल्या गोदावरीला ते गणित लावायचं म्हटलं तर अवघड आहे. आपल्या हवेत जिवाणू भरभर काम करतात, तेव्हा तीन दिवसांत साधारण तेवढंच उत्तर मिळतं. (गुरुवारी नमुना घेऊन गेलात तर लॅबवाला तोंड वाकडं करतो, कारण तिसरा दिवस रविवारी येतो.)

डीओ कमी असेल तेव्हा बीओडी जास्तच असेल, असं समजणं ही पुढची चूक. दोघं एकमेकांशी बांधलेले आहेत, पण दोर लांब आहे.

नाला नदीला मिळतो तिथे बीओडी सगळ्यात जास्त असतो. डीओ मात्र तिथे तळाला गेलेला नसतो. जिवाणूंनी ताट ओढलेलं असतं, जेवण व्हायचं असतं. पाणी पुढे वाहत जातं, जिवाणू वाढत जातात आणि डीओचा तळ काही किलोमीटर खाली, कधी दिवस-दोन दिवसांच्या प्रवासानंतर येतो. त्यापुढे घाण संपत आली की हवा पुन्हा वरचढ होते. अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये ही झोळीसारखी खाली लोंबणारी रेषा गणितात बसवली. तिचा गावातल्या भांडणांशी थेट संबंध आहे. मासे ज्या गावाच्या वेशीत मेले, घाण त्याच गावाने सोडली असं नसतं. डीओ मेलेल्या माशांजवळ मोजा, पण बीओडीचा माग काढायचा तर नदीच्या वरच्या अंगाला चालत जावं लागतं.

वेळेचंही तसंच. हिरव्यागार, शेवाळलेल्या संथ पाण्यात दुपारी दोनला डीओ मोजला तर टाकीच्या मापाहून जास्त येतो, कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन ओतत असतं. तेच शेवाळ रात्रभर श्वास घेतं आणि पहाटे डीओ गाळात जातो. मासे मरतात ते बहुतेक पहाटे, आणि नमुना घेणारे लोक उगवतात चहा-नाश्ता करून अकरा वाजता. जलपर्णीचं याच्या उलट: तिची पानं पाण्याच्या वर हवेत, खाली दाट सावली, वाऱ्याचा स्पर्श नाही. म्हणजे नळही बंद आणि उजेडही बंद.

बीओडीही फसवतो, मात्र वेगळ्या तऱ्हेने. पाण्यात जड धातू किंवा विषारी रसायन असेल तर बाटलीतले जिवाणूच मरतात, ऑक्सिजन कुणी खात नाही आणि बीओडी छान कमी येतो. औद्योगिक वसाहतीखालच्या नदीचा बीओडी आश्चर्यकारकरीत्या चांगला दिसला, तर शेजारचा सीओडीचा, म्हणजे रासायनिक प्राणवायू मागणीचा, रकाना बघा. तिथे घाण संपवायचं जिवाणूंचं काम डायक्रोमेट या रसायनाकडे दिलेलं असतं, आणि त्याला विषाचं सोयरसुतक नसतं.

एवढं असूनही मंडळ नदीचे प्रदूषित पट्टे ठरवताना बीओडीचाच आधार घेतं, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. डीओ घटकेघटकेला रंग बदलतो. बीओडी निदान किती घाण टाकली ते सांगतो. २०१८ च्या यादीत बीओडी ३ च्या वर असलेले देशातले ३५१ पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मिठी, सावित्री आणि गोदावरी यांचे पट्टे त्यात होते.

पण नदीत राहणाऱ्यांना बीओडीशी घेणंदेणं नसतं. त्यांना डीओ लागतो, आणि तोही रोज, रात्री धरून. म्हणून मासे आणि वन्यजीव यांच्यासाठीच्या वर्गात मंडळाने डीओ किमान ४ अशी अट घातली आहे, बीओडीची अटच नाही. मासे दिसले म्हणजे नदी ठीक, हेही खरं नाही. मरळ आणि मागूर वर येऊन थेट हवा घेतात, चिलापी कशातही तगते. महाशीर मात्र हयगय सहन करत नाही, त्याला खळाळतं, ऑक्सिजनने भरलेलं पाणीच हवं. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे म्हणून राखलेले महाशीर आहेत, ते काळ नदीत. ही नदी पुढे ज्या सावित्रीला मिळते, तिचा पट्टा वरच्या यादीत आहे.

आम्ही बाटल्या भरून झाल्या की पाण्यातला एक दगड उलटा करतो. दगडाला चिकटलेल्या, पोटाच्या कडेला हलणारे कल्ले आणि मागे तीन शेपट्या असलेल्या, मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळ्या दिसल्या तर डीओ गेले कित्येक आठवडे बरा आहे, कारण त्या तिथेच महिनोन्‌महिने राहतात आणि एका वाईट रात्रीत मरतात. चिखलात वळवळणारे लाल किडे दिसले तर उलट. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्यासारखा. ऑक्सिजनच्या तुटवड्यात श्वास धरून ठेवायची ती त्यांची सोय. मंडळाची जैविक निकषांची पद्धत अशाच किड्यांना शून्य ते दहा गुण देते. दगडाला पहाटेचाही हिशेब ठाऊक असतो, बाटलीला फक्त अकराचा.

त्या दिवशी फोटो टाकणाऱ्याला मी एवढंच विचारलं, की शेजारचा रकाना कापला गेलाय, तो पाठवाल का? पाठवला. डीओ सहाच्या वर होता, चांगला म्हणावा असा. नमुना कुठून घेतला? बंधाऱ्याच्या खालून, पाणी पडतं तिथून. फेसात.