गूगलवर सापडलं म्हणजे नेमकं काय झालं?

पुदुच्चेरीतल्या तिरुनल्लारच्या शनिमंदिरावरून जाताना नासाचे उपग्रह तीन सेकंद थांबतात, असा मजकूर गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. असल्या मजकुराच्या शेवटी हमखास एक ओळ जोडलेली असते: खोटं वाटत असेल तर गूगल करून बघा. लोक बघतात, खरोखरच पानं सापडतात, आणि त्यांची खात्री पटते. वास्तविक पृथ्वीपासून काहीशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाने धावत असतो आणि त्या वेगाच्या जोरावरच कक्षेत टिकून असतो. तो थांबला तर खाली येईल. एवढं भौतिकशास्त्र आपण शाळेत शिकलेलो असतो. तरीही 'गूगलवर आहे' हा पुरावा भौतिकशास्त्राला भारी पडतो, कारण सर्च इंजिन काय करतं याची आपली कल्पनाच चुकीची असते.

आपण शब्द टाइप करून एंटर दाबलं की गूगल जगभरचं इंटरनेट धुंडाळायला निघतं, असा सर्वसाधारण समज आहे. अर्ध्या सेकंदात ते अशक्य आहे. धुंडाळण्याचं काम आधीच झालेलं असतं. क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम रात्रंदिवस एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतात आणि दिसेल त्या पानाची प्रत घेऊन येतात. आपण शोधतो ते या प्रतींपासून बनवलेल्या एका सूचीत. ही सूची हाच सगळ्या प्रकाराचा गाभा आहे, आणि मला विचाराल तर संगणकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी ती एक आहे.

जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही असते. पुस्तकात पानावर शब्द असतात. सूचीत प्रत्येक शब्दापुढे पानांचे क्रमांक असतात. म्हणून तिला उलटी सूची म्हणतात. समजा 'रायगड' हा शब्द 4, 9, 17, 32 आणि 58 या पानांवर आहे आणि 'रोपवे' 3, 9, 21, 58 आणि 77 या पानांवर. तुम्ही 'रायगड रोपवे' असं टाइप केलंत. आता दोन्ही याद्यांच्या सुरुवातीला एकेक बोट ठेवा. 4 आणि 3: लहान आकड्यावरचं बोट पुढे सरकवा. 4 आणि 9: पुन्हा लहान आकड्यावरचं बोट पुढे. 9 आणि 9: जुळलं, नोंद करा, दोन्ही बोटं पुढे. 17 आणि 21, मग 32 आणि 21, मग 32 आणि 58, मग 58 आणि 58: पुन्हा जुळलं. रायगडची यादी संपली, काम संपलं. दोन पानं हाती लागली आणि एकही पान उघडून वाचावं लागलं नाही. याद्या चढत्या क्रमाने लावलेल्या असल्यामुळे बोटं कधीच मागे येत नाहीत, म्हणून याद्या कोट्यवधी आकड्यांच्या असल्या तरी हे काम झपाट्याने होतं. त्याच क्रमामुळे जागाही वाचते: 4, 9, 17, 32, 58 असे पूर्ण आकडे ठेवण्याऐवजी 4, 5, 8, 15, 26 अशी नुसती अंतरं ठेवली तरी भागतं, आणि लहान आकडे साठवायला कमी जागा लागते. पानावर तो शब्द कितवा आहे हेही सूचीत टिपलेलं असतं, त्यामुळे दोन शब्द लागोपाठ आले आहेत का तेही कळतं.

पुढचा प्रश्न क्रमाचा. हजारो पानं जुळली तर वर कुठलं ठेवायचं? 1972 साली केंब्रिजच्या संगणकशास्त्रज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी एक मूलभूत कल्पना मांडली: जो शब्द कमी पानांवर आढळतो, त्याला जास्त वजन द्या. समजा एकूण एक लाख पानं आहेत. 'आहे' हा शब्द त्यातल्या 90,000 पानांवर आहे, 'रोपवे' फक्त 100 पानांवर. एकूण पानांना शब्द असलेल्या पानांच्या संख्येने भागून दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घेतला, तर 'रोपवे'चं वजन 3 येतं आणि 'आहे'चं जेमतेम 0.05. भागाकार सरळ न वापरता लॉगॅरिदम घेतल्यामुळे एखाददुसरा अतिदुर्मीळ शब्द बाकी सगळ्या शब्दांना गिळून टाकत नाही. आजची इंजिनं याच्या फार पुढे गेली आहेत, पण ही कल्पना त्यांच्या मुळाशी आहे.

1998 साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी त्यात पेजरँकची भर घातली. एखाद्या पानाकडे किती पानांनी लिंक दिली आहे आणि त्या लिंक देणाऱ्यांचं स्वतःचं वजन किती, यावरून पानाचं महत्त्व मोजायचं. त्यानंतर भाषेचा अर्थ लावणारी प्रारूपं आली. गूगलने 2019 मध्ये 'बर्ट' वापरायला सुरुवात केली. आज यादीच्या वर एआयने लिहिलेला सारांशही दिसतो. पण पान जुळणं, वजनदार ठरणं आणि खरं असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन पहिल्या दोन मोजतं. तिसरीचा अंदाज ते आडून आडून बांधतं, आणि एआयच्या सारांशालाही हे लागू आहे. सारांश वाचावा, पण त्याखालची मूळ पानं उघडल्याशिवाय त्यावर विसंबू नये, औषधपाण्याच्या बाबतीत तर मुळीच नाही.

सूची डोळ्यांसमोर असली की शोधण्याची रीत आपोआप बदलते. आपल्याला हवं ते उत्तर ज्या पानावर असेल, त्या पानावर कुठले शब्द असतील याचा विचार करून ते शब्द टाइप करावेत. 'उपग्रह थांबतात' असं शोधलं की ते थांबतात असं म्हणणारी पानं जुळणारच. त्याला 'अफवा' किंवा 'फॅक्ट चेक' जोडलं की दुसरी बाजूही वर येते. 'हळदीने कर्करोग बरा होतो' असं विधान टाकण्याऐवजी 'हळद कर्करोग चाचण्या' असं टाकून बघा. येणारी पानं वेगळी असतात.

नासा स्वतः काय म्हणते ते पाहायचं असेल तर शोध नासाच्या संकेतस्थळापुरता मर्यादित करता येतो: इंग्रजी अक्षरांत 'साइट', लगेच कोलन, आणि जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता. मराठी कीबोर्डवर असताना कोलनऐवजी विसर्ग पडू शकतो. दिसायला दोन्ही सारखे, पण विसर्गाने आज्ञा चालत नाही. नको असलेल्या शब्दाआधी वजा चिन्ह लावावं, उदाहरणार्थ 'तुकाराम -चित्रपट'. अर्धवट आठवणारी अभंगाची ओळ अवतरणचिन्हांत टाकावी, मात्र दोन-तीन शब्दच घ्यावेत. जुन्या-नव्या प्रतींत अनुस्वार वेगवेगळे असतात आणि पूर्ण ओळ दिली की एका टिंबासाठी सगळं हुकतं.

मराठीची अडचण आणखी खोल आहे. घर, घरात, घराला, घरासमोरचा हे सूचीच्या दृष्टीने चार वेगळे शब्द, जोवर प्रत्यय सोडवून मूळ शब्द काढण्याची सोय इंजिनात नाही. ती इंग्रजीसाठी जितकी तयार झाली तितकी मराठीसाठी झालेली नाही. म्हणून एका रूपाने काही मिळालं नाही तर दुसरं रूप टाकून बघावं. 'दुसऱ्या'मधलं 'ऱ्या' तर दोन प्रकारे साठवता येतं: खाली टिंब (नुक्ता) असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर फरक दिसत नाही, पण इंजिनाने दोन्ही एक मानले नाहीत तर एका प्रकाराने शोधणाऱ्याला दुसरा सापडत नाही. यूनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठीची सामाईक सांकेतिक पद्धत, रुळण्याआधी अनेक मराठी संकेतस्थळं आपापले फाँट वापरत. त्या मजकुरात आत रोमन चिन्हं भरलेली असल्यामुळे मराठीत शोधून तो हाती लागत नाही.

आणि काही गोष्टी सूचीत मुळात नसतातच. व्हॉट्सॲपवरचे संदेश नसतात. तुमचा सातबाराही नसतो, कारण तो फॉर्म भरल्याशिवाय उघडत नाही आणि क्रॉलर असे फॉर्म भरत बसत नाही. गावाचं नाव आणि गट नंबर गूगलमध्ये टाकून उपयोग नाही. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जाऊन जिल्हा, तालुका, गाव निवडावं लागतं. तिथे जाताना पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, एवढं तपासून घ्यावं. यादीत सर्वांत वर दिसणारी लिंक सरकारीच असेल असं नाही. कधीकधी ती जाहिरात असते, आणि तसं तिच्याजवळ लिहिलेलंही असतं.