बडोद्याचा महाराज आणि कानोचा अमीर

ब्रिटिशांनी आफ्रिकेत ‘अप्रत्यक्ष कारभार’ चालवला आणि तो हिंदुस्थानी संस्थानांवरून उचलला, हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये हमखास सापडतं. त्याला आधारही आहे. ज्याच्या नावावर ही पद्धत जमा आहे तो फ्रेडरिक लुगार्ड १८५८ साली मद्रासेत जन्मला. पुढे उत्तर नायजेरियाचा हायकमिशनर झाल्यावर प्रांतावरच्या गोऱ्या अधिकाऱ्याला त्याने ‘रेसिडेंट’ म्हणायला सुरुवात केली. हा हुद्दा आपल्या संस्थानी दरबारांत तोवर शंभर वर्षं मुरलेला होता. लांबून पाहिलं तर दोन्हीकडे देखावा एकच दिसतो. गादीवर देशी राजा, मागे गोरा साहेब.

पण गादी कुणामुळे टिकली आहे, खजिन्याच्या किल्ल्या कुणाकडे आहेत आणि राजाला उठवायचं झालं तर साहेबाला किती खटाटोप करावा लागतो, एवढं तपासलं की बडोदा आणि उत्तर नायजेरियातलं कानो, म्हणजे तिथल्या अमिराचं (मुसलमान राजाचं) राज्य, एकमेकांपासून बरेच दूर जातात.

आधी बडोदा. नोव्हेंबर १८७४ मध्ये तिथला रेसिडेंट कर्नल फेअर याच्या सरबतात विष सापडलं. सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप झाला आणि संशय थेट मल्हारराव गायकवाडांवर गेला. सरकारने त्यांना अटक केली, पण तेवढ्यावर भागलं नाही. सहा जणांचं कमिशन नेमावं लागलं. त्यात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूने लढायला विलायतेहून नामांकित वकील आला. तिन्ही इंग्रजांनी दोषी ठरवलं, तिन्ही हिंद्यांनी नाही. मत बरोबर मधोमध फाटल्यावर सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभाराचं कारण दाखवून १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत केलं. म्हणजे जे करायचं ते केलंच. तरी बडोदं खालसा झालं नाही. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घेऊ दिलं, आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर बसला.

हा सगळा सोपस्कार सरकारच्या चांगुलपणातून आलेला नव्हता. साताऱ्याचं (१८४८) आणि नागपूरचं (१८५४) राज्य वारस नाही म्हणून गिळल्याची किंमत १८५७ मध्ये दिसली होती. त्यानंतर राणीच्या जाहीरनाम्यात तह पाळण्याचं वचन आलं आणि १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. त्याही आधी, कंपनी तहनामे करत होती तेव्हा समोरच्या बाजूकडे फौजा होत्या. वसईचा तह १८०२ चा. त्या काळी कंपनीला तह करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि एकदा केलेला कागद पुढे कितीही पातळ झाला तरी कागद म्हणून उरला.

आता उत्तर नायजेरिया. तिथेही तह होते, हे सहसा कुणी सांगत नाही. कानोसकट तिथल्या अमिरांचा वरिष्ठ असलेल्या सोकोतोच्या सुलतानाशी नॅशनल आफ्रिकन कंपनीने (पुढची रॉयल नायजर कंपनी) १८८५ मध्येच करार केला होता. पण १९०३ पर्यंत लुगार्डकडे मॅक्झिम तोफा होत्या आणि समोर त्यांना टक्कर देईल असं सैन्य नव्हतं. फेब्रुवारीत कानो पडलं, मार्चमध्ये सोकोतो. काही दिवसांनी सोकोतोत जमलेल्या सरदारांपुढे लुगार्डने भाषण केलं. त्याचा मथितार्थ असा: जुने तह मेले, आणि ते तुम्हीच मारलेत. दान फोदियो या धर्मगुरूच्या काळी फुलानींनी, म्हणजे तुमच्या पूर्वजांनी, हा मुलूख जिंकला, कर बसवायचा, राजे करायचे आणि राजे उठवायचे हा हक्क जिंकून घेतला. आता तुम्ही हरलात, म्हणून तो सगळा हक्क आमच्याकडे आला.

नीट वाचलं तर यात मैत्रीचा एक शब्द नाही. लुगार्ड अमिरांशी करार करत नव्हता, तो विजेता म्हणून त्यांच्या जागी बसत होता आणि त्यांना नोकरीवर ठेवत होता. जुना सुलतान अत्ताहिरू पूर्वेकडे निघून गेला आणि त्याच जुलैत बुर्मीच्या लढाईत मारला गेला. सोकोतोच्या गादीवर दुसरा अत्ताहिरू आला. कानोच्या अमिराला पकडून हद्दपार केलं आणि त्याच्या भावाला बसवलं. कमिशन नाही, वकील नाही, मतभेदाची नोंद नाही. पुढच्या काही वर्षांत वसुलीची घडी बसवली गेली. अमिराच्या माणसांनी कर गोळा करायचा, त्यातला साधारण अर्धा वसाहत सरकारला द्यायचा आणि उरलेला ‘बैतुल माल’ नावाच्या स्थानिक खजिन्यात ठेवायचा. त्या खजिन्यातून खुद्द अमिरालाही ठरलेला पगार मिळू लागला. संस्थानिक आपल्या उत्पन्नातून इंग्रजांना खंडणी देत, किंवा तैनाती फौजेसाठी मुलूख तोडून देत. अमीर साहेबाच्या हिशेबवहीतल्या एका रकान्यात बसला. बडोद्याचा रेसिडेंट निदान कागदावर तरी दुसऱ्या राज्याच्या दरबारात राहणारा वकील होता. कानोचा रेसिडेंट हा त्या प्रांताचा मुख्य अधिकारी होता आणि अमीर त्याच्या हाताखाली.

संस्थानिक म्हणजे स्वतंत्र राजे, असा निष्कर्ष यातून कुणी काढू नये. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडसर ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि १८८३ मध्ये तिथे एका गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. रेसिडेंटचा ‘सल्ला’ म्हणजे हुकूमच, हे प्रत्येक दिवाणाला ठाऊक असे. काठियावाडातल्या पाच-दहा गावांच्या ठाकुरांचं तर न्यायदानही पोलिटिकल एजंटच चालवायचा. अशा संस्थानाला संस्थान म्हणणं हा शिष्टाचारच होता. पण मोठ्या संस्थानांत जी फट उरली होती ती खरी होती. त्याच कोल्हापुरात शाहू महाराज १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवू शकले. सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि ब्रिटिश मुलखात गोखल्यांचं तशाच आशयाचं विधेयक पुढे नामंजूर झालं.

उत्तरेत निदान अमीर होते तरी. खरा घोळ दक्षिण-पूर्व नायजेरियात, इग्बोंच्या मुलखात झाला. तिथल्या बहुतेक गावांत राजा नावाची वस्तूच नव्हती. वडीलधारे, समवयस्कांचे गट, मानाच्या पदव्या मिळवलेली माणसं आणि बायकांच्या स्वतंत्र सभा, यांच्यात गावाचा कारभार वाटलेला होता. साहेबाला मात्र बोट दाखवायला एक माणूस हवा होता. मग एकेकाच्या हातात सरकारी कागद, म्हणजे ‘वॉरंट’, देऊन मुखिया तयार करण्यात आले. त्यांना न्यायालयात बसवलं, टोपी दिली, मजूर पकडून आणायचा अधिकार दिला. इतिहासकार ए. ई. अफिग्बो यांनी या वॉरंट चीफ मंडळींचा कसून अभ्यास केला. त्यांच्या मांडणीप्रमाणे यातल्या पुष्कळांना गावात पूर्वी काडीचीही किंमत नव्हती. त्यांचं सारं वजन त्या कागदात होतं, आणि कागद वापरून पैसे करायला ते लवकर शिकले.

१९२८ मध्ये इथल्या पुरुषांवर थेट कर बसला. पुढच्या वर्षी पाम तेलाचे भाव पडत असताना पुन्हा मोजणी सुरू झाली. नोव्हेंबर १९२९ मध्ये ओलोको गावात ओकुगो या वॉरंट चीफचा माणूस न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या अंगणात आला. ती तेलाच्या कामात होती. तुझी माणसं, शेळ्या, मेंढ्या मोज, असं तो म्हणाला. तिने उलट विचारलं, तुझ्या आईची मोजणी झाली होती का? झटापट झाली आणि ती तडक बायकांच्या सभेत गेली. पामच्या झाडाची पानं निरोप म्हणून गावोगाव फिरली. हजारो बायका ओकुगोच्या दारात ठाण मांडून बसल्या आणि त्याची टर उडवणारी गाणी रात्रंदिवस गात राहिल्या. माजलेल्या पुरुषाला वठणीवर आणायची ही त्यांची जुनी रीत होती, फक्त आता समोर सरकारचा माणूस होता. ओकुगोची टोपी गेली आणि त्याला तुरुंगवास झाला. बघता बघता ओवेरी आणि कालाबार प्रांतांत न्यायालयं पेटली, मुखियांच्या टोप्या मागितल्या गेल्या. पोलीस आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि पन्नासहून अधिक बायका मेल्या. सरकारी कागदांत याला, आबा या तिथल्या शहराच्या नावावरून, ‘आबाचे दंगे’ म्हटलं गेलं. त्यानंतर वॉरंट चीफ गेले, आणि या लोकांचा कारभार मुळात चालतो तरी कसा हे शोधायला मानवशास्त्रज्ञ पाठवण्यात आले. तीस वर्षं राज्य केल्यावर!

संशोधकांमध्ये यावर बरंच मंथन झालं आहे. मुंबईत जन्मलेले आणि युगांडात वाढलेले महमूद ममदानी यांचा मुद्दा सर्वांत टोकदार. त्यांच्या मते करवसुली, न्याय, पोलीस हे सगळं एकाच मुखियाच्या मुठीत देऊन वर त्याला ‘परंपरा’ म्हणणं हेच वसाहतीचं खास तंत्र होतं. शहरातल्या थोड्यांना नागरी कायदा, खेड्यातल्या बाकी सगळ्यांना मुखिया सांगेल ती रूढी. मला त्यांचं हे म्हणणं पटतं, पण ते सबंध आफ्रिकेला सरसकट लावणं पटत नाही. युगांडातल्या बुगांडाचंच बघा. तिथे १९०० साली रीतसर करार झाला होता. १९५३ मध्ये गव्हर्नर कोहेनने काबाका, म्हणजे तिथला राजा दुसरा मुतेसा, याला विमानात बसवून इंग्लंडला धाडलं, तेव्हा लोकांनी तोच करार पुढे करून प्रकरण कोर्टात नेलं आणि १९५५ मध्ये राजा परत आला. बुगांडाला कानोशेजारी बसवण्यापेक्षा बडोद्याशेजारी बसवणं मला जास्त योग्य वाटतं.

आपल्याकडे हा खेळ लवकर आटोपला. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, तनखे १९७१ मध्ये बंद झाले. नायजेरियात अमीर अजून आहेत, आणि राजे करण्याचा व उठवण्याचा लुगार्डने घेतलेला हक्क आता राज्य सरकारांकडे आहे. कानोचे अमीर मुहम्मदू सानुसी यांना १९६३ मध्ये गादी सोडायला लावली ती प्रादेशिक सरकारने. त्यांचे नातू, मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर सानुसी लामिडो सानुसी, २०१४ मध्ये अमीर झाले. राज्य सरकारशी बिनसल्यावर २०२० मध्ये त्यांनाही पदच्युत केलं गेलं. २०२४ मध्ये दुसऱ्या सरकारने कायदा बदलून त्यांना परत बसवलं, आणि ज्यांना उठवलं त्यांनी गादीवरचा दावा सोडला नाही.