कंटेंट सेम, औषध वेगळं: माणसांची स्ट्रिप आणि प्राण्यांची स्ट्रिप

सोसायटीच्या पेट ग्रुपवर दर काही दिवसांनी तोच फोटो येतो. डावीकडे व्हेटनं, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरनं, दिलेली स्ट्रिप, उजवीकडे औषधांच्या ॲपवर सापडलेली माणसांची, आणि खाली एकच वाक्य: ‘कंटेंट सेमच आहे, रेट निम्मा!’ (कंटेंट म्हणजे गोळीतलं मूळ औषध.) त्यावर अर्धा ग्रुप व्हेटच्या नावानं खडे फोडतो. उरलेला अर्धा ‘मुक्या जिवाला माणसांच्या गोळ्या घालता?’ म्हणून अंगावर येतो. दोघंही भलत्याच मुद्द्यावर भांडत असतात. माणसांची गोळी कुत्र्याला चालते का, याचं उत्तर बऱ्याचदा ‘हो’ असतं. पण ‘कंटेंट सेम आहे’ एवढ्या एका कारणावर ती कधीच चालत नाही.

किमतीचं आधी उरकून टाकू, कारण ते तुम्हाला ठाऊकच आहे. माणसांचा बाजार प्रचंड मोठा, एकेका औषधाच्या मागे कंपन्यांची झुंबड, आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्यांना २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानं वरची मर्यादा घातलेली. शिवाय जनऔषधी केंद्रं आहेत. प्राण्यांच्या गोळीला यातलं फारसं काही नाही. व्हेटच्या कपाटात महिन्याला जेमतेम दोन-चार स्ट्रिप खपतात, उरलेला माल एक्स्पायर होतो, तोही खर्च तुमच्याच बिलात येतो. व्हेट औषधावर मार्जिन घेतात, तर घेऊ देत, दुकानदारही घेतोच की. माझा राग वेगळ्यावर आहे, त्याकडे शेवटी येते.

कायद्याचा मुद्दाही एवढासाच. प्राण्यांच्या औषधावर ‘नॉट फॉर ह्यूमन यूज, फॉर ॲनिमल ट्रीटमेंट ओन्ली’ असं छापलेलं असतं आणि सोबत पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र. ही मनाई माणसांना आहे. उलट दिशेनं तशी सरसकट मनाई नाही. हृदयरोगाच्या कुत्र्याला फ्युरोसेमाइड, फिट येणाऱ्याला फेनोबार्बिटोन, व्हेटकडे न्यायच्या आधी घाबरट मांजराला गॅबापेंटिन, हे सगळं व्हेट स्वतःच माणसांच्या मेडिकलमधून आणायला सांगतात.

आता खरी गोम. ग्रुपवरच्या फोटोत लोक नाव वाचतात, पॉवर, म्हणजे गोळीत किती एमजी औषध आहे ते, वाचत नाहीत. आणि पॉवर वाचली तरी ती कशाची, हे वाचत नाहीत.

अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिडची जोडगोळीच घ्या. जखम चिघळली, कातडीला इन्फेक्शन झालं, की व्हेट हमखास देतात ती. प्राण्यांच्या स्ट्रिपवर ‘२५०’ लिहिलेलं असतं. ही बेरीज आहे: २०० अमॉक्सिसिलिन आणि ५० क्लॅव्युलॅनिक, म्हणजे चारास एक. माणसांची ६२५ ची गोळी ५०० अधिक १२५, तीही चारास एक. इथपर्यंत ठीक. पण ३७५ ची गोळी २५० अधिक १२५ असते, म्हणजे दोनास एक. आणि १००० ची ८७५ अधिक १२५, म्हणजे सातास एक. चारही स्ट्रिपवर कंटेंट अक्षरशः तेच. कुत्र्याचा एका वेळचा नेहमीचा डोस किलोमागे साडेबारा एमजी, तोही बेरजेचा आणि चारास एक धरूनच. २५ किलोच्या कुत्र्याला त्या हिशेबानं ३१२.५ लागतात, म्हणजे बरोब्बर अर्धी ६२५. व्हेटनं ‘६२५, अर्धी-अर्धी’ लिहून दिलं तर ते चोख आहे, आणि पैसेही वाचतात. पण मेडिकलमध्ये ६२५ नाही म्हणून ३७५ ची जवळजवळ पूर्ण गोळी दिली, तर अमॉक्सिसिलिन त्याच घरात जातं आणि क्लॅव्युलॅनिक जवळपास दुप्पट. मग कुत्र्याला जुलाब लागतात आणि ग्रुपवर नवा मेसेज येतो: ‘माणसांची औषधं यांना सोसत नाहीत.’ सोसलं नाही ते गणित.

जाता जाता, ६२५ ची उरलेली अर्धी फाटक्या पाकिटात ओट्यावर ठेवू नका. क्लॅव्युलॅनिक ॲसिडला ओल अजिबात चालत नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्या अर्ध्या गोळीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. आणि बघा, किमतीचा खेळही इथेच कळतो. अत्यावश्यक औषधांच्या यादीत ५०० अधिक १२५ आहे, २०० अधिक ५० नाही.

दुसरं उदाहरण उलट्या टोकाचं आहे, थायरॉइडचं. घरात आईच्या थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली असतेच, आणि लॅब्रॅडॉरलाही थायरॉइड निघतो. औषध तेच, लेव्होथायरॉक्सिन. माणसाचा पूर्ण डोस किलोमागे दिवसाला १.६ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६० किलोच्या बाईला साधारण १००. कुत्र्याचा सुरुवातीचा डोस किलोमागे २०, तोही दिवसातून दोनदा. ३० किलोच्या लॅबला एका वेळी ६००, दिवसाला १२००. वजन आईच्या निम्मं, डोस बारा पट! कुत्र्याच्या आतड्यातून हे औषध कमी शोषलं जातं आणि अंगातून फार लवकर निघून जातं. माणसात ते आठवडाभर रेंगाळतं, कुत्र्यात अर्धा दिवसही धड टिकत नाही. व्हेटची अशी चिठ्ठी बघून मेडिकलवाला म्हणतो, ‘डॉक्टरांनी शून्य जास्त टाकलंय हो,’ आणि मालक घाबरून रोज एकच गोळी देतो. कुत्रा तसाच सुस्त, केस तसेच गळतायत. आता पैशांचं बघा. १०० च्या गोळ्यांनी हा डोस भरायचा तर दिवसाला बारा गोळ्या लागतात. १२० गोळ्यांची बाटली दहा दिवसांत रिकामी. बाटलीच्या किमतीची तुलना करून ‘निम्म्यात पडतं’ म्हणणाऱ्यानं हे कधी मांडलेलंच नसतं. तुलना करायची ती एका दिवसाच्या डोसच्या खर्चाची. स्ट्रिपची किंमत, बाटलीची किंमत, ‘फ्लॅट २० टक्के ऑफ’, याला काही अर्थ नाही.

तिसरं, मेलॉक्सिकॅम. म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांधेदुखीवर देतात. कुत्र्याचा रोजचा डोस किलोमागे ०.१ एमजी (पहिल्या दिवशी दुप्पट). १० किलोच्या कुत्र्याला १ एमजी. माणसांची सर्वात लहान नेहमीची गोळी साडेसातची. तिचे साडेसात सारखे तुकडे करून दाखवा! प्राण्यांचं पातळ औषध १.५ एमजी प्रति मिली येतं, सोबत खुणा केलेली सिरिंज असते, आणि त्या सिरिंजचेच तुम्ही पैसे मोजत असता. मांजरांचं ०.५ चं वेगळं येतं. कुत्र्याच्या बाटलीतून मांजराला ‘थोडंसं’ द्यायचं, हा तर आणखी निराळा अपराध, कारण तिथे तिप्पट पॉवर आहे आणि मांजराची किडनी तेवढं चालवून घेत नाही.

मधुमेह झालेल्या कुत्र्या-मांजराच्या इन्सुलिनबद्दल दोनच वाक्यं. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीच्या व्हायल (इंजेक्शनच्या बाटल्या) आणि १०० युनिट प्रति मिलीची कार्ट्रिज दोन्ही मिळतात, आणि सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० ला, केशरी टोपणाची १०० ला. अदलाबदल झाली की डोस अडीच पटीनं चुकतो, आणि ‘सिरिंज स्वस्तात मिळाली’ म्हणून घेतलेली भलत्याच टोपणाची सिरिंज छोट्या जनावराच्या जिवावर बेतते.

पॉवर जुळली तरी एक छुपी भानगड उरते, कंटेंटच्या ओळीत न येणाऱ्या गोष्टींची. लहान मुलांच्या काही शुगर-फ्री पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं. माणसाला काही होत नाही. कुत्र्याच्या अंगात त्यानं इन्सुलिन उसळतं आणि साखर धाडकन खाली येते. म्हणून पातळ औषध माणसांचं घ्यायचंच नाही, हा माझा सरळ नियम. गोळी-कॅप्सूलबद्दल विचार करता येईल.

आणि काही गोष्टींत विचारबिचार काही नाही. मांजराला पॅरासिटामॉल नाही. अर्धी नाही, पाव नाही, ‘तापच आहे ना’ नाही. ते औषध निकामी करायची माणसासारखी सोय मांजराच्या लिव्हरमध्ये नसते. रक्तातला ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, आणि ६५० ची एक गोळी चार किलोच्या मांजराला मारायला पुरून उरते. आयब्युप्रोफेन कुत्र्याला नाही, मांजरालाही नाही. पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराच्या मानेवर टाकायचं नाही. ऑनलाइन घेताना फोटोत कुत्रं-मांजर दोघं हसत असतात, त्या फोटोवर जाऊ नका, मागची बारीक ओळ वाचा.

(हा घोळ फक्त पाळीव प्राण्यांपुरता नाही. गुरांच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, कारण ते दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मरत होती. तरी माणसांच्या मोठ्या व्हायलमधून गुरांना इंजेक्शनं चालूच राहिली. शेवटी २०१५ मध्ये माणसांची व्हायलच ३ मिलीची करावी लागली. तिथेही कंटेंट सेमच होता.)

आता माझा राग. ॲपवर ‘प्रिस्क्रिप्शन अपलोड करा’ आलं की लोक काय टाकतात? व्हेटचं बिल. लसीच्या पुस्तिकेचं पान. जुन्या स्ट्रिपचा फोटो. आणि बरेच व्हेट चिठ्ठी देतच नाहीत, काउंटरवरून पुडीत गोळ्या देतात आणि वर ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहितात. पुडीवर ना औषधाचं नाव, ना एमजी. तपासणीची फी तुम्ही भरलेली असते. चिठ्ठी मागणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. सरळ म्हणा, ‘डॉक्टर, कंटेंट, पॉवर आणि किती दिवस, एवढं लिहून द्या.’ चांगला व्हेट लगेच देतो. जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

औषधे नियम, १९४५ (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधला नियम ६५ या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. चिठ्ठीवर लिहिणाऱ्याची सही आणि तारीख हवी, औषधाचं एकूण प्रमाण आणि डोस हवा, आणि औषध जनावराचं असेल तर मालकाचं नाव-पत्ता हवा. म्हणजे ‘जनावराच्या चिठ्ठीवर आम्ही देत नाही’ म्हणणाऱ्या मेडिकलवाल्याला सांगा, नियमात जनावराचा मालक धरलेलाच आहे. याच नियमात आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या थेट पैशांच्या आहेत. एक, चिठ्ठीवर पुन्हा देण्याचं लिहिलं नसेल तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. कायमच्या औषधाला दर महिन्याला तपासणीची फी भरायची नसेल, तर ‘इतके महिने चालू’ असं पहिल्याच दिवशी लिहून घ्या. दोन, शेड्यूल एच मधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या, औषधाऐवजी दुकानदारानं स्वतःच्या मनानं दुसरी कंपनी द्यायची नसते, कंटेंट तोच असला तरी. व्हेटनं महागडा ब्रँड लिहिला की तुम्ही त्या ब्रँडला बांधलेले. म्हणून ब्रँडऐवजी कंटेंटचं नाव लिहून मागायचं. खरी बचत या एका ओळीत आहे, कूपन कोडमध्ये नाही.

चिठ्ठी नसली तर काही ॲप म्हणतात, ‘आमचे डॉक्टर तुम्हाला फोन करतील.’ हे माणसांचे डॉक्टर. मग लोक कुत्र्याचं वय नऊ आणि वजन २८ सांगून स्वतःच्या मुलाच्या नावावर गोळ्या मागवतात. त्या बिचाऱ्या डॉक्टरनं नऊ वर्षांच्या पोराला बसेल तेवढा डोस लिहिला, की वर लिहिलेलं सगळं गणित पाण्यात.

गोचीडाच्या चघळायच्या गोळ्या मात्र मी बिनधास्त ऑनलाइन घेते. त्या प्राण्यांच्याच असतात, वजनाचा गट खोक्यावर छापलेला असतो, एक्स्पायरी बघितली की झालं. फक्त महिन्याची गोळी आणि १२ आठवड्यांची गोळी यांच्या किमती शेजारी ठेवून ‘ही महाग’ म्हणू नका, १२ आठवड्यांचीला तीननं भागा. लस आणि इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, कुरिअरच्या पिशवीतून ते मला चालत नाही. आणि फिटच्या औषधाची पंधरा दिवसांची जादा गोळी घरात ठेवूनच पुढची ऑर्डर टाकावी. फेनोबार्बिटोन अचानक बंद पडलं तर पुन्हा फिट येतात, आणि डिलिव्हरी ‘उद्या’ची ‘परवा’ व्हायला फार काही लागत नाही.