सायकलचा पट्टा चौकात का संपतो?

नागपूरच्या वर्धा रोडवर वाहतुकीचे तीन मजले आहेत. सगळ्यात वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल आणि खाली जुना रस्ता. ३.१४ किलोमीटरच्या या दुमजली पुलाची गिनीज बुकात नोंद झाली, कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. पण सकाळी आठच्या सुमारास तळमजल्यावर उभे राहून बघा. कॅरिअरला डबा बांधलेले रंगारी, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, थापी-ओळंबा पिशवीत टाकून साइटवर चाललेले मिस्त्री, शाळेची मुले. सायकल म्हणजे फुटाळा तलावावर पहाटे गिअर बदलत फिरणारी हौशी मंडळी, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. तीही असतात. पण २०११च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांना ‘कामावर कशाने जाता’ असे विचारले, तेव्हा देशभरात सुमारे १३ टक्के लोकांनी सायकल सांगितली. कार-जीप सांगणारे ३ टक्केही नव्हते. रस्ते मात्र या तीन टक्क्यांच्या मापाने रुंद होत गेले.

सायकलला जागा लागते किती? सायकल सरळ रेषेत कधीच चालत नाही, चालवणारा कितीही सराईत असो. ती डावीकडे कलली की आपण नकळत हँडल डावीकडे वळवतो, चाके पुन्हा अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. मग ती किंचित उजवीकडे कलते, पुन्हा तेच. तोल सांभाळणे म्हणजे हे अखंड चाललेले वळवणे. म्हणून चाकांची वाट नागमोडी होते. वेग जितका कमी आणि ओझे जितके जास्त, तितके हेलकावे मोठे. हँडल साठेक सेंटीमीटर रुंद असले, तरी चालत्या सायकलला मीटरभर जागा लागते, आणि एकीने दुसरीला ओलांडायचे तर दोन मीटर.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९६२च्या मानकातही सायकल ट्रॅकची किमान रुंदी दोन मीटरच दिली आहे. त्यात आणखी एक गमतीची अट होती. रस्त्यावर तासाला दोनशेहून जास्त मोटारवाहने असतील, तर गर्दीच्या तासाला शंभर सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक करावा. दोनशे गाड्या! नागपूरच्या गजबजलेल्या बर्डीवर त्या दोन-तीन सिग्नलांत सुटतात. १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते नागपुरातच जमले होते आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही उतरंड तेव्हाच ठरली. सिव्हिलची मुले ‘नागपूर प्लॅन’ म्हणून ती आजही पाठ करतात. सायकलला त्या उतरंडीत पायरी नव्हती.

तोल सावरण्याचे हेच शास्त्र सिमेंट रस्त्याच्या कडेला जिवावर उठते. आपल्याकडे मधला रस्ता सिमेंटचा आणि बाजूला गट्टू, म्हणजे फरशीसारखे बसवलेले ठोकळे. काही वर्षांत गट्टू खचतात आणि दोहोंच्या मधोमध लांबच लांब खाच तयार होते, कधी बोटभर रुंद, कधी चार बोटे खोल. मागून बसचा हॉर्न वाजला की सायकलवाला कडेला सरतो आणि पुढचे चाक त्या खाचेत उतरते. आता हँडल वळवायला जागाच उरत नाही. सायकल कलली तरी चाक अंगाखाली आणता येत नाही, त्यामुळे माणूस आडवा होतो, आणि बहुतेकदा रस्त्याच्या बाजूला. रस्त्याच्या दिशेने लांब फटी असलेली गटाराची जाळीही असाच घात करते. जाळी काटकोनात फिरवून बसवली की प्रश्न मिटतो. खर्च जवळपास शून्य, पण काम करून घेणाऱ्याने कधीतरी सायकल चालवलेली असावी लागते.

आता वेग. समोर कोणी आडवे आले की चालकाचा पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटरने जाणारी कार तेवढ्यात ८ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर पाचेक मीटरमध्ये थांबते, म्हणजे एकूण १३ मीटर. ताशी ५०ची कार पहिल्या सेकंदातच जवळपास १४ मीटर गेलेली असते. याचा अर्थ, ३०ची गाडी जिथे पूर्ण उभी राहते, तिथे ५०ची गाडी अजून पूर्ण वेगात आहे. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून धडकेतली ऊर्जा पावणेतीन पट. सरासरी वेग १ टक्का वाढला की प्राणघातक अपघातांची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार होते.

म्हणून जिथे गाड्या तिशीच्या आत चालतात, त्या धरमपेठेतल्या आतल्या गल्ल्या असोत की महालातले बोळ, तिथे वेगळ्या ट्रॅकची गरज नाही. गल्लीच्या तोंडाशी उंचवटा आणि अरुंद वळण पुरते. ट्रॅक हवा तो वर्धा रोड, अमरावती रोड, रिंग रोड अशा रस्त्यांवर, आणि तिथे नुसत्या रंगाने भागत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी सायकलींवर यंत्र बसवून शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे अंतर मोजले. पांढरा पट्टा आखलेल्या रस्त्यांवर गाड्या सायकलला जास्त जवळून गेल्या! कारण चालक सायकलकडे बघत नाही, रेषेकडे बघतो. रेष ओलांडली नाही म्हणजे आपण बरोबर, असे त्याला वाटते. आपल्याकडे तर कट मारून जाणे ही कलाच आहे. याउलट टोरांटो आणि व्हँकुव्हरमध्ये जखमी सायकलस्वारांच्या मुलाखतींवरून २०१२ साली झालेल्या अभ्यासात, कडेला पार्किंग असलेल्या मोठ्या रस्त्याच्या तुलनेत कठड्याने वेगळ्या केलेल्या ट्रॅकवरचा धोका सुमारे एक नवमांश निघाला.

जागा कुठून आणायची, हा प्रश्न लगेच येतो. उत्तर लेनच्या मापात आहे. शहरातही बऱ्याच ठिकाणी लेन साडेतीन मीटरची आखतात. हे माप महामार्गाच्या वेगासाठी ठीक. शहरात तीन मीटर पुरते. सहा लेनच्या रस्त्यावर प्रत्येक लेनमधून अर्धा मीटर काढला, तर दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर मिळतो. उरलेला अर्धा मीटर कडेच्या पार्किंगमधून काढावा लागेल आणि भांडण होईल ते तिथेच. पानठेला आणि तर्री-पोह्याची गाडी यांना माझा विरोध नाही. त्यांच्यासमोर आडव्या-तिडव्या लावलेल्या गाड्यांना आहे. लेन अरुंद झाली की चालक आपोआप हळू जातो, हा फायदा वेगळाच.

इतके सगळे केले तरी खरी परीक्षा चौकात असते, आणि आपल्या देशातले बहुतेक सायकल ट्रॅक नेमके तिथेच हात वर करतात. चौक पन्नास मीटरवर आला की पट्टा संपतो. सरळ जाणारी सायकल डाव्या कडेला आणि डावीकडे वळणारी गाडी तिच्या उजवीकडे. दोघांच्या वाटा एकमेकांना छेदणारच. त्यात आपल्याकडे लेफ्ट फ्री, म्हणजे डावीकडे वळणाऱ्याला सिग्नलला थांबायचे कारण नाही. वळण ऐसपैस गोल ठेवलेले, म्हणजे गाडीला वेग कमी करायची गरजच नको. वळताना बाहेर फेकणारा जोर सारखाच धरला, तर वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. २४ मीटर त्रिज्येचे वळण ६ मीटरचे केले की त्याच चालकाचा वेग निम्मा होतो. फलक नाही, पोलीस नाही, दंड नाही.

बस-ट्रकचे प्रकरण आणखी वाईट. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आत कापतात. पुढच्या-मागच्या चाकांत सहा मीटर अंतर असलेली बस बारा मीटर त्रिज्येने वळली, तर मागचे चाक सुमारे दीड मीटर आत येते. सिग्नलला बसच्या डाव्या कुशीत मीटरभरावर उभा असलेला सायकलवाला सुरक्षित अंतरावर असतो, पण बस वळायला लागेपर्यंतच. आणि चालक बसतो उजवीकडे. त्याच्या डाव्या दाराच्या खालचा भाग त्याला जवळजवळ दिसतच नाही.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून जास्त मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३चे तेलसंकट आले आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या अभियंत्यांनी चौकाची रचनाच बदलली. कोपऱ्यावर एक छोटे बेट, फणसाच्या फोडीच्या आकाराचे. त्यामुळे गाडीला अरुंद वळण घ्यावे लागते. सायकलची ओलांडणी चौकाच्या तोंडापासून साधारण एका गाडीच्या लांबीइतकी आत सरकवलेली. गाडी तिथे पोचते तेव्हा जवळजवळ पूर्ण वळलेली असते, त्यामुळे सायकल चालकाला आरशात शोधावी लागत नाही, समोरच्या काचेतून दिसते. मधल्या जागेत एक गाडी थांबू शकते, मागच्यांचा हॉर्न न खाता. सायकलींची थांबरेषा गाड्यांच्या पुढे असते. जमल्यास त्यांचा हिरवा दिवा दोन-चार सेकंद आधी लागतो.

‘मे महिन्यात नागपुरात सायकल कोण चालवणार?’ हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचे उत्तर द्यायलाच हवे. एक तर, ज्याला पर्याय नाही तो चालवतोच. दुसरे, हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा गरम झाली की वारा थंडावा देत नाही, उलट अंग तापवतो. मग भिस्त फक्त घाम सुकण्यावर. विदर्भाची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने घाम पटकन सुकतो, आणि चालती सायकल स्वतःचा वारा घेऊन जाते. वाळ्याची ताटी लावलेला कूलर घर गार करतो तो असाच. सायकल सिग्नलला थांबली की वारा बंद पडतो आणि उन्हाचा मारा तसाच राहतो. म्हणजे सावली सगळ्यात जास्त लागते ती चौकात, थांबरेषेवर. उन्हाळ्यात काही सिग्नलांवर हिरवी जाळी टांगतात, ती कल्पना योग्यच आहे. तीच जाळी सायकलच्या थांब्यावर न्या आणि ट्रॅकच्या पश्चिमेला कडुनिंब लावा. स्पेनमधले सेव्हिल उन्हाळ्यात चाळिशी ओलांडते. तिथे २००६ नंतर काही वर्षांत शंभर किलोमीटरहून जास्त जोडलेले ट्रॅक झाले आणि सायकलींची संख्या अनेक पटींनी वाढली.

एक अडचण मात्र परदेशी पुस्तकांत सापडत नाही. ट्रॅक केला की त्यात बाइक घुसतात. तोंडाशी खांब रोवावेत, तर बाइकचे हँडल सायकलपेक्षा फार रुंद नसते. खांब जवळ आणले तर सायकलरिक्षा आणि दूधवाल्याची कॅन लटकवलेली सायकल अडकते. माझ्या मते खांबांपेक्षा ट्रॅक रस्त्यापासून दहाएक सेंटीमीटर उचललेला बरा, आणि वर गट्टू नकोत, गुळगुळीत डांबर. बाइकवाला आत शिरतो ते पुढे रस्ता तुंबलेला असतो म्हणून. त्यामुळे चौकाजवळच्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये कठडा सलग हवा, मध्ये फट नको.

नागपूर २०२० साली केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत उतरले होते. तात्पुरते ट्रॅक करून बघायचे, ही तिथली पद्धत. चौकासाठी तीच वापरता येईल. लाल-पांढरे कोन आणि वाळूच्या गोण्या ठेवून शंकरनगर चौकासारख्या एखाद्या चौकाच्या एका कोपऱ्यावर बेट आखायचे, वळण सहा मीटरवर आणायचे आणि आधीच्या व नंतरच्या आठवड्यात वळणाऱ्या गाड्यांचा वेग मोजायचा. मोजायला मोबाइलचा कॅमेरा आणि रस्त्यावर खडूने मारलेल्या दोन रेघा पुरतात. अभियांत्रिकीच्या मुलांना प्रकल्प हवाच असतो.