गांडूळ : मृदाप्रदूषणाचे जैवनिर्देशक

जमिनीत साचलेले विषारी पदार्थ प्रत्यक्ष सजीवांपर्यंत किती पोहोचतात, हे गांडुळांची संख्या, प्रजनन, वर्तन आणि त्यांच्या शरीरातील साठा यांवरून ठरविण्याची पद्धत. रासायनिक पृथक्करणातून मातीत शिसे किंवा कॅडमियम एकूण किती आहे ते कळते. त्यातले जीवांच्या अंगात किती उतरते, ते कळत नाही. चुनखडीच्या जमिनीत शिसे बरेचसे बांधलेले राहते, आम्लधर्मी जमिनीत तेच मोकळे होते. हा फरक गांडूळ दाखवते.

गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते ओलसर त्वचेतून श्वसन करते, त्यामुळे मातीतल्या पाण्यात विरघळलेले पदार्थही त्याच वाटेने आत शिरतात. दुसरी वाट गिळलेल्या मातीची. आतड्याभोवतीच्या पिवळसर क्लोरोगोजन ऊतीत धातू साठतात. कॅडमियम मेटॅलोथायोनिन या प्रथिनाशी बांधले जाते, म्हणून शरीरातले त्याचे प्रमाण पुष्कळदा भोवतालच्या मातीपेक्षाही जास्त भरते. ते मोजण्याआधी गांडुळे एकदोन दिवस ओल्या गाळणकागदावर ठेवून त्यांचे पोट रिकामे होऊ देतात. नाहीतर पोटातली मातीच मोजली जाते.

हा साठा पुढे कुठवर जातो, ते अमेरिकेतील इलिनॉय राज्यात दिसले. तेथे एल्म वृक्षांचा रोग पसरविणाऱ्या भुंगेऱ्यांवर डीडीटी हे कीटकनाशक फवारीत. शरदात गळालेली पाने गांडुळांनी खाल्ली आणि पुढच्या वसंतात ती गांडुळे खाऊन रॉबिन पक्षी मेले. रॉय बार्कर यांनी ही साखळी १९५८ मध्ये मांडली. अमेरिकी लेखिका रेचल कार्सन यांच्या १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकामुळे ती जगभर माहीत झाली.

प्रयोगशाळेतील प्रमाणित चाचण्यांत बहुधा आयसेनिया फेटिडा ही जात वापरतात. ओईसीडी (आर्थिक सहकार्य व विकास संघटना) या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९८४ च्या पद्धतीत वाळू, केओलिन ही पांढरी चिकणमाती आणि पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला) मिसळून केलेल्या कृत्रिम मातीत १४ दिवसांनी किती गांडुळे मेली ते पाहतात. पण मरण हा फार उशिराचा इशारा आहे. प्रजननाच्या चाचणीला ५६ दिवस लागतात : पहिल्या २८ दिवसांनंतर प्रौढ गांडुळे काढून घेतात आणि उरलेल्या काळात अंड्यांच्या कोषांतून बाहेर पडलेली पिल्ले शेवटी मोजतात. गांडुळे धडधाकट दिसत असूनही पिल्ले घटलेली आढळू शकतात. सगळ्यांत स्वस्त चाचणी पळ काढण्याची. डब्याच्या एका अर्ध्या भागात संशयित माती, दुसऱ्यात स्वच्छ माती भरून मध्यरेषेवर गांडुळे सोडायची. ४८ तासांनी संशयित भागात २० टक्क्यांहून कमी उरली, तर ती माती त्यांच्या वस्तीला अयोग्य धरतात.

आयसेनिया मात्र मुळात शेणखतात आणि कुजणाऱ्या पाल्यात राहणारी जात. ती पाळायला सोपी म्हणून निवडली गेली. शेतातल्या मातीची खरी रहिवासी नव्हे. भारतातील जमिनीसाठी लॅम्पिटो मॉरिटीसारखी स्थानिक जात अधिक बोलकी ठरावी.

शेतात खड्डा खणून केलेली नुसती मोजणी फसवू शकते. इंग्लंडमधील डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स या जुन्या खाणीच्या आर्सेनिकने भरलेल्या मातीत लुम्ब्रिकस रुबेलस ही गांडुळे जगतात, कारण तिथल्या वस्तीत सहनशक्ती आलेली आहे. तेव्हा गांडुळे आहेत म्हणजे माती स्वच्छ, असे होत नाही. उलट, नसण्याची कारणेही अनेक : वारंवार नांगरट, सेंद्रिय पदार्थांची वानवा, किंवा नुसता कोरडेपणा. महाराष्ट्रातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा गांडुळे खोल जाऊन निपचित पडतात. मे महिन्यातल्या रिकाम्या खड्ड्याचा दोष कीटकनाशकावर टाकणे चूक. पावसाळ्यात जमिनीत पाणी मुरल्यावर, त्याच पोताच्या पण फवारणी न झालेल्या शेजारच्या तुकड्याशी तुलना करावी. बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुना यांचे बुरशीनाशक) यातले तांबे मातीच्या वरच्या थरात साचत जाते आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक गांडुळांना विशेष घातक आहे. त्यामुळे बागेच्या जमिनीत नमुना घेताना मागील फवारण्यांची नोंद सोबत लागते. गांडुळे वर आणायला मोहरीच्या पुडीचे पाणी ओततात. त्वचा चुरचुरली की ती आपणहून बाहेर येतात.