ख्रिस्ती आचरण

ख्रिस्ती आचरण म्हणजे येशूवरचा विश्वास रविवारच्या उपासनेपुरता किंवा मिस्सेपुरता (कॅथलिकांची मुख्य उपासना) न ठेवता घर, नोकरी-धंदा, शेजार, पैसा या सगळ्यात उतरवणं. आधार मुख्यतः डोंगरावरच्या प्रवचनाचा (मत्तय 5 ते 7) आणि मत्तय 25 मधल्या मेंढरं-शेरडं वेगळी करण्याच्या, म्हणजे शेवटच्या न्यायाच्या वर्णनाचा, तिथे भुकेल्याला जेवायला दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का, तुरुंगातल्याला भेटलास का एवढंच बघितलं जातं, प्रार्थना किती केली याचा हिशोब कोणी मागत नाही. रोजची कौटुंबिक प्रार्थना, जेवणाआधी आभार, दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा देणं), लेंटचा म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा उपवास हे सगळ्यांना माहीत असतंच.

खरी अडचण बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राची. 'क्रियांवाचून विश्वास निर्जीव' हे त्यातलं (2:26) आचरणाबद्दल सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वचन, पण हे पत्र कधीचं आणि कोणाचं यावर एकमत नाही. परंपरा म्हणते लेखक येशूचा भाऊ याकोब. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफसच्या हिशोबाने तो साधारण इ.स. 62 मध्ये मारला गेला, म्हणजे ही परंपरा धरली तर पत्र त्याआधीचं, काही जण तर 50 च्याही आधी नेतात. दुसरा पक्ष म्हणतो की यातली ग्रीक भाषा फार सफाईदार आहे आणि प्रेषित पौलाचं म्हणणं (माणूस कर्मांनी नाही, विश्वासाने नीतिमान ठरतो) लोकांपर्यंत पोचून त्याचा उलटा अर्थ निघायला लागल्यावरच असं कोणी लिहील, म्हणून 80 ते 100 च्या दरम्यानचं धरावं. धर्मपंडित ओरिगेनच्या म्हणजे तिसऱ्या शतकाच्या आधी या पत्राचा स्पष्ट उल्लेख सापडत नाही आणि चौथ्या शतकात चर्चचा इतिहासकार युसेबियसही त्याला वादग्रस्त पुस्तकांत टाकतो, हे दुसऱ्या पक्षाच्या बाजूने जातं. गंमत म्हणजे पौल (रोमकरांस 4) आणि याकोब दोघंही उत्पत्ती 15:6 मधलं अब्राहामाबद्दलचं तेच वाक्य (त्याने विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला) घेतात आणि निष्कर्ष मात्र दोन टोकांचे काढल्यासारखे वाटतात. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने नव्या कराराच्या 1522 च्या प्रस्तावनेत याला गवताचं, म्हणजे हलकं पत्र म्हटलं, कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 मध्ये बरोबर उलट बाजू उचलून धरली आणि या वादावरच्या कॅथलिक-ल्यूथरन संयुक्त घोषणेला 31 ऑक्टोबर 1999 उजाडावा लागला. आता बहुतेक अभ्यासक म्हणतात की पौल तारण (पापातून सुटका) कशाने मिळतं ते सांगतो आणि याकोब तारण मिळालेला माणूस कसा दिसतो ते सांगतो, आणि ते जास्त पटण्यासारखं आहे.

नाशिकमध्ये विश्वास आणि आचरणाचा हा प्रश्न कागदावरून वस्तीत उतरला तो शरणपूरला. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनच्या विल्यम सॉल्टर प्राइसने साधारण 1854-55 च्या सुमारास ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. अरबी समुद्रात इंग्रज नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे आणली जायची, त्यांना वाचन-लेखन आणि धर्मशिक्षणाबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जायचं, म्हणजे प्रार्थना आणि हातची मेहनत एकाच दिवसात बसवलेली. यातलाच जेकब वेनराइट. स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मे 1873 च्या सुरुवातीला (1 तारीख बहुतेक जण धरतात) आफ्रिकेत वारला तेव्हा वेनराइटने तिथे दफनविधीची प्रार्थना वाचली, झाडावर लिव्हिंग्स्टनचं नाव कोरलं आणि बाकीच्यांबरोबर मृतदेह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणला, पुढे 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये तो होता. आचरणाचं याहून ठळक उदाहरण नाशिकच्या इतिहासात शोधायला जाऊ नये. प्राइस 1875 च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत मोम्बासाजवळ फ्रेअर टाउन ही सुटलेल्या गुलामांची वसाहत वसवायला गेला आणि शरणपूरच्या आफ्रिकन मंडळींपैकी बरेच जण तिकडे गेले.

अशा वेगळ्या वसाहतींवर टीकाही झाली, की ख्रिस्ती माणूस आजूबाजूच्या लोकांपासून तुटला तर 'तुम्ही जगाचं मीठ, जगाचा प्रकाश' (मत्तय 5) यातलं मीठ आणि प्रकाश कोणासाठी? याला सगळ्यात ठाम मराठी उत्तर कवी नारायण वामन टिळकांचं. लहानपणी शिकायला नाशिकला राहिलेले टिळक, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दरबार टिळकांच्या मृत्यूनंतर (1919) फार टिकला नाही, अभंग आणि भजनं मात्र चर्चमध्ये आजही म्हणतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या, नवऱ्यानंतर काही वर्षांनी ख्रिस्ती झाल्या, आणि सोवळं-ओवळं हळूहळू कसं सुटत गेलं ते त्यांनी स्वतःच्या आठवणींत जितकं मोकळेपणाने लिहिलंय तितकं कुठल्याच धर्मशास्त्रीय ग्रंथात नाही. 1936 मध्ये नाशिकलाच वारल्या.

सध्या शहरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या एकत्रित प्रोटेस्टंट चर्चचा धर्मप्रांत (मूळचा अँग्लिकन, स्थापना 1929) आणि कॅथलिक धर्मप्रांत (1987) दोन्ही आहेत. कॅथलिक बाजूला दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 1964 मध्ये पावित्र्य फक्त फादर-सिस्टरांचं नसून संसारी माणसाचंही आहे असं स्पष्ट केलं, त्याने घरगुती आचरणाला वजन आलं. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराच्या फेब्रुवारीतल्या यात्रेला मुंबई-वसईपासून लोक येतात, मेणबत्त्या लावतात, नवस फेडतात, त्यात इतर धर्माचेही असतात. प्रोटेस्टंट परंपरेत नवसाला जागा नाही.